चेसापीकच्या तोंडावर ५ सप्टेंबर १७८१ : अमेरिकेचं स्वातंत्र्य समुद्रावर ठरलं का?

केदार_नॉरफोक
नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं मी व्हर्जिनियात नॉरफोकला राहतो. मागच्या महिन्यात आईबाबा आले होते, बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे पहिल्याच शनिवारी यॉर्कटाऊन, जिथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस वेढ्यात सापडून शरण आला. मातीची तटबंदी बघितली, तोफा बघितल्या, इंग्रजांनी बंदुका खाली ठेवल्या ते मैदान बघितलं. सगळं बघून झाल्यावर बाबा नदीच्या काठावर उभे राहून म्हणाले, "अरे, हा कॉर्नवॉलिस पाण्याला पाठ लावून बसला होता, मागे एवढी मोठी नदी, पुढे खाडी, मग समुद्र. इंग्रजांचं आरमार जगात एक नंबर. मग हा जहाजात बसून निघून का नाही गेला?"

दुसऱ्या दिवशी त्यांना चेसापीक खाडीच्या तोंडावरच्या केप हेन्री टोकाला घेऊन गेलो, कारण उत्तर तिथे आहे. ५ सप्टेंबर १७८१ ला दुपारी याच टोकासमोर अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच ॲडमिरल द ग्रासची २४ मोठी लढाऊ जहाजं आणि इंग्रज ॲडमिरल ग्रेव्हजची १९ जहाजं समोरासमोर आली. साधारण सव्वाचारला तोफा सुरू झाल्या, साडेसहाला सूर्य बुडाला आणि संपलं. त्या दिवशी एकही जहाज बुडलं नाही, एकही पकडलं गेलं नाही. पण खाडीचं तोंड फ्रेंचांकडे राहिलं आणि सहा आठवड्यांनी, १९ ऑक्टोबरला, कॉर्नवॉलिसचे सात हजारांहून जास्त सैनिक शरण आले.

माझं स्पष्ट मत आहे की अमेरिकेचं स्वातंत्र्य त्या सव्वादोन तासांत ठरलं. यॉर्कटाऊनचा वेढा हा त्याचा पुढचा हिशोब. आणि त्या सव्वादोन तासांत एकही अमेरिकन जहाज नव्हतं! तुम्हाला काय वाटतं?

मंजिरी_७९
शाळेत बोस्टनचा चहा आणि वॉशिंग्टन एवढंच शिकलो. ही लढाई पहिल्यांदाच ऐकतेय. बाबांचा प्रश्न जबरदस्त आहे.

फक्कड
म्हणजे ज्यांचं स्वातंत्र्य ते किनाऱ्यावर, आणि ज्यांचं नाही ते समुद्रात भांडतायत. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला असंच असतं, पार्किंग एकाचं आणि भांडण भलत्याच दोघांचं :)

पायदळ_प्रेमी
केदार, थोडं जास्तच ताणताय. लढाई समुद्रावर जिंकली तरी शत्रूला कोंडायला जमिनीवर माणसं लागतात. वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो न्यूयॉर्कजवळून जवळजवळ सातशे किलोमीटर चालत आले, तेही ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात, आणि न्यूयॉर्कमधल्या इंग्रज सेनापती क्लिंटनला शेवटपर्यंत वाटत राहिलं की हल्ला आपल्यावरच होणार. ती फसवणूक, ती कूच, तो वेढा, हे सगळं 'पुढचा हिशोब'? द ग्रास एकटा खाडीत बसून राहिला असता तर कॉर्नवॉलिस आरामात भात खात बसला असता.

केदार_नॉरफोक
@पायदळ_प्रेमी, कूच मोठीच होती, नाही म्हणत नाही. पण ती निघाली कशावर? १४ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या हातात पत्र पडलं की द ग्रास वेस्ट इंडिजमधून चेसापीकला येतोय आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच थांबेल. त्यावर सगळा बेत बदलला. आणि ५ सप्टेंबरलाच, म्हणजे लढाईच्या त्याच दिवशी, वॉशिंग्टनला चेस्टर गावाजवळ कळलं की आरमार पोचलंय. एरवी इतका गंभीर माणूस, पण नदीतून होडीने येणाऱ्या रोशाँबोला बघून काठावर उभा राहून टोपी आणि रुमाल हलवत होता. त्याला नेमकं माहीत होतं की आपलं सगळं कशावर उभं आहे. गंमत म्हणजे तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं की त्याच दुपारी ते आरमार पणाला लागलंय.

अजून एक. याच केप हेन्रीसमोर सहाच महिने आधी, १६ मार्च १७८१ ला, फ्रेंच आणि इंग्रज आरमारं भिडली होती. तेव्हा खाडी इंग्रजांकडे राहिली आणि फ्रेंचांनी आणलेलं सैन्य उतरू न देता परत न्यावं लागलं. तेव्हाही जमिनीवर वॉशिंग्टनचा फ्रेंच सरदार लाफाएत होता, माणसं होती. काही झालं नाही.

दर्यावर्दी
मी रत्नागिरीचा. आजोबा जयगडच्या खाडीत शिडाच्या मचव्यावर तांडेल होते, लहानपणी त्यांच्याबरोबर बसलोय. या लढाईतला मला सगळ्यात भावलेला भाग तोफांचा नाहीच, त्याआधीचे तीन तास.

सकाळी साडेनऊच्या सुमाराला फ्रेंचांच्या टेहळणीच्या जहाजाला शिडं दिसली. फ्रेंच जहाजं खाडीच्या आत, केप हेन्रीच्या आडोशाला नांगरून उभी. शेकडो खलाशी आणि बरेच अधिकारी होड्या घेऊन किनाऱ्यावर, कोणी सैन्य उतरवतंय, कोणी पाणी आणि लाकूड भरतंय. वारा उत्तर-ईशान्येचा, म्हणजे इंग्रजांच्या पाठीवर. आणि पाणी भरतीचं! आता ज्याने कधी खाडीच्या तोंडातून शीड घेऊन बाहेर काढलंय त्यालाच कळेल हे काय आहे. भरती आत ढकलते, वारा आडवा, समोर वाळूचा दांडा, तुम्ही कितीही शूर असा, बाहेर निघतच नाही. आजोबा अशा वेळी नुसते बसायचे. मी विचारायचो, कधी निघायचं? ते होडीच्या कडेला लागलेल्या शेवाळाच्या रेषेकडे बोट दाखवायचे, पाणी तिथून एक बोट उतरलं की निघायचं. द ग्रासनेही तेच केलं. शत्रू डोळ्यासमोर येतोय आणि हा ओहोटीची वाट बघत बसला. दुपारी बाराच्या सुमाराला पाणी फिरलं तेव्हा नांगर वर ओढत बसायला वेळ नव्हता, एवढा जाड दोर आणि एवढा नांगर म्हणजे तासाभराचं काम, म्हणून दोर तसेच सोडून दिले, टोकाला बोये बांधून, की नंतर येऊन उचलता येतील. कोळ्याने जाळं सोडून यावं तसं. किनाऱ्यावर गेलेली माणसं तिथेच राहिली. तोफांवर हात कमी, तरी निघाले.

अनुजा_प
दर्यावर्दी, शेवाळाची रेषा वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा.

जुना_खलाशी
मर्चंट नेव्हीत एकतीस वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. दर्यावर्दींनी सांगितलं त्याच्या पुढचं.

फ्रेंच जहाजं तोंडातून बाहेर पडली ती ओळीत नाही, विस्कळीत, पुढची पाच-सहा खूप पुढे आणि मधे मोठी फट. ग्रेव्हज वाऱ्याच्या वरच्या बाजूला. सरळ खाली येऊन त्या पुढच्या जहाजांवर तुटून पडला असता तर बाकीचे मदतीला पोचायच्या आत त्यांचा निकाल लागला असता. पण तो आधी आपली ओळ बांधत राहिला. खाडीच्या तोंडात मधोमध उथळ वाळू आहे, तिच्यावर चढू नये म्हणून दोनच्या सुमाराला सगळ्या जहाजांना एकदम उलटं फिरवलं. त्यामुळे काय झालं, ग्रेव्हजच्या हाताखालचा जो हूड सगळ्यात पुढे होता तो सगळ्यात मागे गेला, आणि मागचा ड्रेक पुढे आला. मग फ्रेंच ओळ सरळ होईपर्यंत वाट बघितली.

आणि मग तो झेंड्यांचा घोळ. ग्रेव्हजच्या 'लंडन' जहाजावर एक निशाण होतं 'ओळ सोडू नका' आणि दुसरं 'जवळ जाऊन भिडा'. दोन्ही एकदम वर! दोन्ही ओळी समांतर नव्हत्या, कात्री उघडल्यासारख्या होत्या, पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. म्हणजे ओळ सांभाळली तर मागचा कधी भिडूच शकत नाही, आणि भिडायला गेला तर ओळ मोडते. हूडने ओळ सांभाळली. त्याचं म्हणणं ओळीचं निशाण साडेपाचपर्यंत खाली आलंच नाही, ग्रेव्हजच्या जहाजाची नोंदवही म्हणते ते खूप आधी उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ग्रेव्हजने लेखी हुकूम काढला की दोन्ही निशाणं एकत्र असतील तर ओळीच्या नादात भिडण्याचा हुकूम निष्फळ ठरवू नये. मी आयुष्यभर जहाजावर बघितलंय, काम बिघडल्यानंतर जो हुकूम लेखी निघतो त्यात काय बिघडलं ते बरोबर लिहिलेलं असतं.

पायदळ_प्रेमी
@जुना_खलाशी, म्हणजे हूडने मुद्दाम केलं असं म्हणायचंय का?

जुना_खलाशी
मनातलं कोण सांगणार. पण हूड कसलेला माणूस होता, पुढच्याच वर्षी ते त्याने दाखवलं. त्या दिवशी त्याची सात जहाजं जवळजवळ बघत राहिली आणि पुढच्यांनी मार खाल्ला. 'श्र्यूजबरी' सगळ्यात पुढे, तिच्या कप्तानाचा पाय गेला. इंग्रजांचे ९० मेले, २४६ जखमी. 'टेरिबल' नावाचं जहाज आधीच गळकं होतं, पंप मारून मारून माणसं थकली, शेवटी ११ सप्टेंबरला इंग्रजांनी स्वतःच ते पेटवून दिलं. त्यामुळे केदार, 'एकही बुडलं नाही' हे त्या दिवसापुरतं बरोबर.

केदार_नॉरफोक
बरोबर, मान्य.

अनुजा_प
थोडं विषयांतर. फ्रेंचांच्या पुढच्या तुकडीचा सेनापती कोण होता माहितीये का? बुगाँव्हिल. तोच, जो जगप्रदक्षिणा करून आला होता आणि ज्याच्या नावावरून आपली बोगनवेल! आमच्या साताऱ्याच्या घराच्या कुंपणावर आईने लावलेली राणी रंगाची बोगनवेल आहे, दर मे महिन्यात पानं दिसत नाहीत इतकी फुलते. तिचं नाव ज्याच्यावरून पडलं त्या माणसाने त्या दुपारी सगळ्यात जास्त मारा केला आणि झेलला हे मला गेल्या वर्षी कळलं. आता कुंपणाकडे बघताना तो आठवतोच.

फक्कड
ही माहिती आईला सांगितली, ती म्हणाली तरीच तिला एवढे काटे.

पेशवाई_अभ्यासक
धागा सुंदर चाललाय. आपल्याकडे त्याच वेळी काय चालू होतं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण हे एकच जागतिक युद्ध होतं.

१७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणवीसांकडे आला होता, इंग्रज त्यामुळे हादरलेले. जानेवारी १७७९ ला वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना हरवलं. आणि एप्रिल १७८१, म्हणजे चेसापीकच्या पाच महिने आधी, इंग्रज सेनापती गॉडर्ड बोरघाटातून पनवेलकडे माघार घेत होता आणि हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन, तुकोजी होळकर त्याला वाटभर झोडपत होते. तिकडे हैदर कर्नाटकात. इंग्रजांची जहाजं, पैसा, माणसं एकाच वेळी अमेरिका, वेस्ट इंडिज, जिब्राल्टर, मद्रास सगळीकडे ताणलेली. यॉर्कटाऊननंतर सात महिन्यांनी, १७ मे १७८२ ला, मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला. नुसत्या यॉर्कटाऊनमुळे झाला असं म्हणणार नाही, आपल्या लोकांनी रणात मिळवलं होतं ते आहेच, पण इंग्रजांना इथलं एक भांडण मिटवायची घाई होती हे नक्की.

आणि हाच कॉर्नवॉलिस १७८६ ला आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. मे १७९१, टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणपर्यंत गेला, पाऊस, रोगराई, बैल मेले, धान्य संपलं, स्वतःच्या मोठ्या तोफा फोडून टाकून मागे फिरला. मेलकोट्याजवळ समोरून घोडदळ येताना दिसलं, आधी वाटलं शत्रू आला, तर ते आपले हरिपंत आणि परशुरामभाऊ! मराठ्यांच्या छावणीच्या बाजारात धान्य, कापड, भांडी, सगळं. भाव चढे होते पण माल होता. यॉर्कटाऊनला त्याची रसद समुद्रातून आली नाही, दहा वर्षांनी मेलकोट्याला ती मराठी बाजारातून मिळाली. बोरघाटात इंग्रजांना झोडपणारेच दोघं ती घेऊन आले होते. मला हा इतिहासातला फार मोठा प्रसंग वाटतो आणि आपण त्याकडे नीट बघितलेलं नाही.

मंजिरी_७९
मेलकोट्याचं माहीतच नव्हतं!! यावर वेगळा धागा काढा प्लीज.

दर्यावर्दी
पेशवाई_अभ्यासक, मनापासून आभार. एक दुखरी गोष्ट मात्र बोलतोच. द ग्रासचं आरमार तिथे होतं म्हणून स्वातंत्र्य मिळालं असं आपण इथे म्हणतोय. आणि आपल्याकडे १७५६ ला पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेऊन विजयदुर्गला तुळाजी आंग्रेचं आरमार जाळलं. वॉटसन आणि क्लाइव्ह होते तिथे. विजयदुर्गच्या बुरुजावर उभं राहिलं की खालची खाडी दिसते, जिथे ती जहाजं जळली. आम्हा कोकणातल्या लोकांना ते अजून बोचतं.

पेशवाई_अभ्यासक
बोचायलाच हवं. तुळाजीचं आणि पेशव्यांचं वैर खरं होतं, पण त्याची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. तरी एप्रिल १७८३ ला आनंदराव धुळपांनी कंपनीचं 'रेंजर' जहाज पकडलं हेही लिहून ठेवतो. मराठी दर्या अगदीच रिकामा नव्हता.

श्वेता_टोरांटो
मला एक वेगळी गोष्ट मांडायचीय. हे सगळं वाचताना 'स्वातंत्र्य कोणाचं' हा प्रश्न डोक्यातून जात नाही. कॉर्नवॉलिसच्या सैन्याबरोबर व्हर्जिनियातून पळून आलेले हजारो गुलाम होते, काळी माणसं, बायका, मुलं. इंग्रजांकडे गेलो तर सुटू या आशेवर आले, यॉर्कटाऊनची तटबंदी त्यांनीच खोदली. खाडी बंद झाली, अन्न संपत आलं, देवी पसरल्या, तेव्हा कॉर्नवॉलिसने त्यांना तटाबाहेर हाकललं. दोन्ही सैन्यांच्या मधल्या रानात कित्येक जण मेले. जे वाचले त्यांतल्या अनेकांना शरणागतीनंतर त्यांच्या मालकांनी परत नेलं, त्यात वॉशिंग्टनच्या मळ्यातलेही होते. द ग्रासचं आरमारही आलं होतं ते सेंट डोमिंगोहून, म्हणजे आजच्या हैतीतून, जिथली साखर गुलामांच्या जिवावर पिकायची. खाडीचं तोंड बंद झालं याचा अर्थ या माणसांसाठीही बंद झालं. केदार, पुढच्या वेळी यॉर्कटाऊनला गेलात तर त्या तटबंदीकडे तसंही बघा.

केदार_नॉरफोक
श्वेता, हे माझ्या पहिल्या पोस्टमध्ये असायला हवं होतं. बाबांना तुमचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, मी तीस वर्षं हा धडा शिकवला आणि तट कोणी खोदला हे कधी विचारलं नाही.

निनाद_क
पैशाचं पण बघा कोणीतरी. द ग्रासने निघताना हवानाहून पाच लाख पेसो आणले, स्पॅनिश पैसा. अमेरिकन शिपाई पगाराशिवाय पुढे जायला कुरकुरत होते, रोशाँबोने आपल्या तिजोरीतून वॉशिंग्टनला नाणी उसनी दिली तेव्हा त्यांच्या हातात रोख पडली. आणि ज्या फ्रान्सने हे सगळं केलं त्याचं या युद्धात एक अब्ज लिव्हरहून जास्त कर्ज झालं, १७८९ ला त्यांचं स्वतःचंच राजघराणं कोसळायला लागलं.

पायदळ_प्रेमी
परत मूळ प्रश्नाकडे येतो. समजा लढाईत बरोबरी झाली असं धरलं, दोघेही ६ तारखेला तरंगतच होते. मग ग्रेव्हज सरळ खाडीत शिरून का नाही बसला? जागा रिकामी होती की.

जुना_खलाशी
अगदी नेमकं विचारलंत, हूडचंही तेच म्हणणं होतं की आपणच आत जाऊन बसू. पण ग्रेव्हजच्या पुढच्या जहाजांच्या डोलकाठ्या आणि शिडं फाटलेली, टेरिबल गळतंय, आणि चार-पाच दिवस दोन्ही आरमारं एकमेकांकडे बघत दक्षिणेला हॅटेरसच्या बाजूला वाहत गेली. तेवढ्यात १० तारखेला दुसरा फ्रेंच ॲडमिरल बारास उत्तरेकडच्या न्यूपोर्टहून आठ लढाऊ जहाजं आणि वेढ्याच्या अवजड तोफा घेऊन गुपचूप खाडीत शिरला. द ग्रास मागोमाग परत आत. नद्यांच्या तोंडाशी पहाऱ्याला ठेवलेली चार धरून आता ३६ झाली. ग्रेव्हजने १३ तारखेला बैठक घेतली आणि न्यूयॉर्कला दुरुस्तीसाठी गेला. मदत घेऊन तो परत निघाला ती तारीख १९ ऑक्टोबर, शरणागतीचा दिवस.

आणि दर्यावर्दी, तुमच्यासाठी. फ्रेंचांनी सोडलेले ते बोये आठवतायत ना? ग्रेव्हजने 'आयरिस' आणि 'रिचमंड' ही दोन छोटी जहाजं ते बोये कापायला खाडीत पाठवली होती. म्हणजे नांगर कायमचे गेले असते. तेवढ्यात द ग्रास परत आला आणि ती दोन्ही पकडली गेली.

दर्यावर्दी
वा!! बोया कापणं म्हणजे कोळ्याचं जाळं चोरणं. पकडले ते बरं झालं.

पायदळ_प्रेमी
वेढ्याच्या तोफाही समुद्रातूनच आल्या हे माझ्या लक्षात नव्हतं. त्या तोफांशिवाय तटबंदी पडली नसती. ठीक आहे, मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. कूच आणि वेढा लागलेच, पण समुद्र नसता तर दोन्ही फुकट.

केदार_नॉरफोक
@पायदळ_प्रेमी, मीही 'पुढचा हिशोब' हे शब्द मागे घेतो. वॉशिंग्टनने स्वतः यॉर्कटाऊननंतर महिन्याभरात लाफाएतला लिहिलं होतं की निर्णायक आरमाराशिवाय आपण निर्णायक असं काहीच करू शकत नाही. आणि सप्टेंबरच्या शेवटी इंग्रजांची कुमक येतेय असं कळल्यावर द ग्रास खाडी सोडून बाहेर जायला निघाला होता, वॉशिंग्टनने काकुळतीला येऊन पत्र लिहिलं, त्याच्या कप्तानांनीही थांबायचा कौल दिला, म्हणून तो थांबला.

मंजिरी_७९
द ग्रासचं पुढे काय झालं?

जुना_खलाशी
१२ एप्रिल १७८२, वेस्ट इंडिजमध्ये सेंट्सची लढाई. इंग्रज ॲडमिरल रॉडनीने हरवलं, तेव्हा हूडही होता. द ग्रासचं 'व्हिल द पारी' हे प्रचंड जहाज पकडलं गेलं आणि तो स्वतः कैद झाला. ते जहाज इंग्लंडला नेताना त्याच वर्षी वादळात बुडालं. त्याच १२ एप्रिलला श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ फ्रेंच सुफ्राँ आणि इंग्रज ह्यूज भिडले होते, एकाच दिवशी पृथ्वीच्या दोन टोकांना.

मंजिरी_७९
ऑक्टोबरमध्ये बहिणीकडे वॉशिंग्टन डीसीला जातेय, केप हेन्रीला जाता येईल का? आणि काय बघायचं?

केदार_नॉरफोक
नक्की या. जागा लष्करी तळाच्या आत आहे, त्यामुळे फाटकावर ओळखपत्र लागतं, पासपोर्ट जवळ ठेवा आणि निघायच्या आधी नियम बघून घ्या. आत १७९२ चं जुनं दगडी दीपगृह आहे आणि द ग्रासचा पुतळा. दीपगृहावर चढलात तर उत्तरेला केप चार्ल्सच्या दिशेने खाडीचं तोंड दिसेल, त्यावर आता लांबलचक पूल आणि बोगदा आहे. पुलाच्या अलीकडे डाव्या हाताला जे पाणी, तिथे फ्रेंच नांगरून होते. उजवीकडे उघडा समुद्र, तिकडून ग्रेव्हज आला. शक्यतो ओहोटीच्या वेळेला जा. बाबा आणि मी गेलो तेव्हा पाणी नुकतंच फिरलं होतं, टोकाजवळ बाहेर जाणारी ओढ उघड्या डोळ्यांनी दिसत होती, आणि एक मालवाहू जहाज तिच्याबरोबर बाहेर निघालं होतं.

दर्यावर्दी
भरती-ओहोटीचं वेळापत्रक मी काढून देतो, तारीख कळवा.